डेलियाचं पहिलं मूल

साउनाच्या, म्हणजे मेलेल्यांची आठवण काढायच्या सणाला मॅनियनांच्या घरी दुपारचं जेवण सगळ्यांनी एकत्र करायचं, हा बार्टलीच्या वेळचा शिरस्ता. बार्टली गेल्यावरही तो मोडला नव्हता. या वेळी मात्र ऊना सकाळपासून धास्तावलेली होती. आज कुणीतरी ताटावरून उठणार, हे तिला मटण शिजत घालतानाच कळलं होतं. फक्त कोण उठेल एवढंच ठरायचं होतं.

तिचा नवरा टाइग आणि नणंद शिबेल, दोघं सख्खी भावंडं समोरासमोर बसली होती. शिबेल आदल्या दिवशी डब्लिनहून आली, तेव्हापासून टाइग तिच्याशी हवापाण्यापलीकडे एक शब्द बोलला नव्हता. टेबलाच्या एका टोकाला सासूबाई, डेलिया. दुसऱ्या टोकाला बार्टलीची थोरली बहीण नेल. तिच्या अंगावरचा कोट घरात शिरल्यापासून उतरला नव्हता. पीटच्या, म्हणजे दलदलीतल्या वाळवलेल्या मातीच्या लाद्या चुलीत धगधगत असूनही तिला थंडी वाजत होती.

"बटाटे घे ना," ऊना टाइगला म्हणाली.

"माझं पोट भरलंय."

"न खाताच?" नेलनं विचारलं. "तुझ्या बापाचंही असंच. राग आला की त्याचं आधी पोट भरायचं."

शिबेलला हसू आलं. टाइगला आलं नाही.

डेलियानं काटा खाली ठेवला. तिचा आवाज आधीच हलका, त्यात ती आज आणखी हळू बोलत होती. "जेवणं झाली की लिशीनवर जायचंय. सगळ्यांनी. शिबेल क्वीना म्हणेल. उन्हाळ्यातच सांगून ठेवलंय मी तिला."

क्वीना, म्हणजे मेलेल्यासाठी बायकांनी म्हणायचं रडगाणं, त्या घराला नवा नव्हता. लिशीन हा शब्द मात्र तिथे सहसा उच्चारला जात नसे. किनाऱ्यालगत, मॅनियनांच्या शेवटच्या कुरणापलीकडे जुन्या दगडांचं एक रिंगण होतं. ज्यांच्यावर बाप्तिस्म्याचं पाणी पडलं नाही अशी मुलं तिथे पुरायचे, कारण चर्चच्या आवारात त्यांना जागा नसे. डेलियाचं पहिलं मूलही तिथेच होतं. काही वर्षांपूर्वी फादर येऊन त्या जागेला आशीर्वाद देऊन गेले होते. चर्चची आता कशालाच ना नव्हती. ना होती ती घरातल्यांची.

"कुठे म्हणणार?" टाइगनं विचारलं. त्यानं बहिणीकडे पाहिलं नाही, आईकडेच पाहिलं. "तिथे दगडच दगड आहेत. कुठल्या दगडापाशी उभं राहून रडायचं?"

"ते तू सांगशील."

"मला नाही माहीत."

"माहीत आहे," डेलिया म्हणाली. "तुझ्या बापानं दाखवलंय तुला. मला नाही दाखवलं. तुला दाखवलंय."

टाइगच्या मानेवर लाली चढली. ऊनाला ती ओळखीची होती. आता तो बहिणीकडे वळणार, आणि तो वळलाच.

"आणि एकदा रेडिओवरच्या मुलाखतीत सांगून झालंच आहे की. पुन्हा कशाला?"

"मी नाव घेतलं नव्हतं," शिबेल म्हणाली.

"रॉसकोरसारख्या गावात नाव घ्यावं लागतं? क्वीना शिकवणारी बाई, घर किनाऱ्यावर, म्हातारी आई अजून हयात. झालं. दुसऱ्या दिवशी दुकानात मायली कॅनीनं मला पाहून टोपी काढली. टोपी, शिबेल. सबंध आयुष्यात त्यानं कुणासमोर काढली नव्हती ती. आणि का, तर माझ्या बापानं स्वतःचं पोर कुत्र्यासारखं खड्ड्यात टाकलं म्हणून."

"असं कुणीच म्हटलं नाही."

"ऐकणाऱ्यानं तेच ऐकलं."

शिबेलनं रुमालाला हात पुसले. ती डब्लिनला मोठ्या सभागृहांत क्वीना म्हणायची, लोकांना शिकवायची. तिचं ऐकायला परदेशातून माणसं यायची. पण या टेबलापाशी बसली की ती पुन्हा घरातलं शेंडेफळ व्हायची. "चुकलं माझं," ती म्हणाली. "त्यांनी विचारलं, हे का शिकलीस, आणि तोंडातून खरं निघून गेलं. आधी तुला विचारायला हवं होतं. आईला तरी."

"मला वाईट नाही वाटलं," डेलिया म्हणाली. "कुणीतरी मोठ्यानं बोललं, एवढंच वाटलं."

आता नेलनं घसा खाकरला. ऊनाला वाटलं, म्हातारी मिटवामिटवी करील. पण नेलचा मोहरा भलतीकडेच होता.

"मला एक सांग, पोरी. क्वीनात आधी काय करतात?"

"हाक मारतात," शिबेल म्हणाली. "मेलेल्याला नावानं हाक."

"मग?"

"मग त्याचं कूळ. मग त्याचे गुण. मग सगळ्या बायांचा रडण्याचा हेल."

"बरोबर. माझी आई, तुझी आजी मेग, अख्ख्या पंचक्रोशीत म्हणायची. फादरांनी व्यासपीठावरून नाव घेऊन बंद करेपर्यंत म्हणत होती. ती प्रेतापाशी बसली की त्याची होडी, त्याची गाय, त्यानं कुणाला दिलेला भाकरीतुकडा, सगळं काढायची. म्हणून लोक रडायचे. आता तू सांग. याला नाव नाही. होडी हाकली नाही, बटाटा लावला नाही, श्वाससुद्धा घेतला नाही. तू नुसता सूर लावशील. सुंदर लावशील, मला ठाऊक आहे. पण मेलेल्याला त्याचं काय?"

"आत्या बरोबर बोलतेय," टाइग म्हणाला. नेल आपल्या बाजूची निघाली याचं त्याला स्वतःलाच आश्चर्य वाटलेलं दिसलं.

हा प्रश्न शिबेलनं स्वतःला उन्हाळ्यापासून शंभरदा विचारला असावा, असं तिच्या चेहऱ्यावर दिसत होतं.

"गुणांचं सोडा, वन्सं," डेलिया म्हणाली. "मला तर मुलगा होता की मुलगी तेही माहीत नाही."

ऊनाच्या हातातला डाव पातेल्यावर आपटला. "म्हणजे? आई, तुम्हाला सांगितलं नाही कुणी?"

"नाही. मी शुद्धीवर आले तेव्हा खोली आवरलेली होती. सगळे 'ते' म्हणायचे. ते गेलं. ते देवाघरी नाही, पण बरं आहे. मी एकदा विचारलं, तर माझ्या सासूबाई म्हणाल्या, न पाहिलेलं लवकर विसरता येतं. पुन्हा नाही विचारलं."

टाइग उठला. खुर्ची मागे सरकली, दार उघडलं, खारा वारा आत आला आणि दार लागलं. ऊनानं मनाशी म्हटलं, अखेर हाच उठला.

*

गोठ्यात करायला काही नव्हतं. गाईंना चारा सकाळीच पडला होता. तरी टाइगनं दाताळं घेतलं आणि एका कोपऱ्यातलं गवत दुसऱ्या कोपऱ्यात टाकायला लागला.

बापानं त्याला लिशीन दाखवलं, तेव्हा त्याला नुकतंच मिसरूड फुटलं होतं. वादळ होऊन गेल्यावर दोघं किनाऱ्यावर शेतासाठी समुद्रशेवाळ गोळा करत होते. बार्टली एकाएकी चालता चालता रिंगणात शिरला, एका पांढऱ्या गारगोटीपाशी थांबला आणि म्हणाला, "हा तुझ्याआधीच्याचा दगड. ध्यानात ठेव. आईला दाखवू नकोस. ती इथून उठणार नाही." एवढंच. मग पुन्हा शेवाळ. त्यानंतर मरेपर्यंत त्यानं तो विषय काढला नाही. पण टाइगला दिसायचं, बाप भरतीओहोटी बघायला म्हणून जातो आणि उशिरा परततो.

त्या दगडाचं ओझं बापानं आपल्या एकट्याच्या खांद्यावर दिलं, याचा टाइगला एक प्रकारचा अभिमान होता. तो कुणाला सांगण्यासारखा नव्हता. आणि आता घरातल्या दोन बाया ते ओझं चव्हाट्यावर मांडायला निघाल्या होत्या.

ऊना दारात येऊन उभी राहिली.

"समजवायला आली असशील तर परत जा," तो म्हणाला.

"समजवायला नाही आले. मी तुझ्याच बाजूची होते. सकाळपर्यंत."

"आणि आता?"

ती आत येऊन पालथ्या बादलीवर बसली. "आपली मार्टिना झाली तेव्हा तुझी आई दवाखान्यात आली होती, आठवतं? मी झोपेत होते. जाग आली तर तिनं पोरीला दुपट्यातून पार उघडी केलेली. थंडीचे दिवस. एकेक बोट बघत होती. पाय, पाठ, कान. किती वेळ. मला इतका राग आला होता. वाटलं, खोट शोधतेय. मॅनियनांच्या घरात सगळं ठीकठाक आलंय का, तपासतेय."

"मला कधी बोलली नाहीस."

"तुझी आई ती. काय बोलणार? प्रत्येक बाळंतपणाला तिनं तेच केलं. मी दर वेळी मनात शिव्या दिल्या. आज कळलं, ती काय बघत होती." ऊनानं नाक ओढलं. तिला रडणं आवडत नसे. "टाइग, तिला एवढंसुद्धा माहीत नाही, की आठवायचं कुणाला. मुलगा आठवायचा की मुलगी."

"बाबांनी शब्द घेतला माझ्याकडून. म्हणाले, ती तिथून उठणार नाही."

"त्यांनी तिच्या भल्यासाठी घेतला. पण ती तिथून उठणार नाही, असं त्यांना वाटलं तेव्हा ती तरुण होती. आता तिला तिथे बसायला तरी किती दिवस उरलेत?"

टाइगनं दाताळं भिंतीला टेकवलं. "लोक काय म्हणतील, याचं मला काही नाही," तो म्हणाला. "टोपीचं मी उगाच बोललो. मायली कॅनीचीही एक बहीण आहे तिथे. त्यानं मला सांगितलं. टोपी हातात घेऊन."

गाय शेपटी हलवत होती, तिकडे ऊना बघत राहिली.

*

घरात डेलिया कोट घालायला आत गेली होती. चुलीपाशी नेल आणि शिबेल दोघीच उरल्या.

नेलला तो दिवस रोज आठवत नसे. पण आठवला की अख्खा आठवायचा. ती तेव्हा लग्नाची पोर होती. कथलाचं घमेलं तिच्या हातात दिलं होतं, कारण दुसरं कुणी मोकळं नव्हतं. पाणी कोमट होतं. तिनं त्या जिवाला जिवंत बाळासारखंच धुतलं, मानेखाली हात धरून, कारण मान कलंडत होती. तिची आई मेग दारात उभी होती. गावातल्या प्रत्येक मेलेल्यासाठी जिचं तोंड उघडायचं, ती मेग त्या दिवशी ओठ घट्ट मिटून उभी होती. मग म्हणाली, "डेलियाला काही सांगायचं नाही." आणि गोठ्यात गेली. नेल पाठोपाठ गेली होती. वाटलं, आई आता तिथे तरी मोकळी होईल. मेग गाईच्या पाठीवर कपाळ टेकून उभी होती. आवाज नव्हता.

"आत्या," शिबेल म्हणाली. "तू आईच्या खोलीत होतीस ना त्या दिवशी?"

"होते."

"तू पाहिलंस."

"मी धुतलं." नेलनं कोटाची बटणं चाचपली. "तिनं मला कधी विचारलं नाही, आणि मी कधी सांगितलं नाही. चर्चमध्ये एका बाकावर बसतो आम्ही. इतकी वर्षं. मला वाटायचं, ती विसरली असेल. तिला वाटायचं, मला माहीत नसेल."

"मग आज तू म्हण. क्वीना तू म्हण. माझ्यापेक्षा तुझा हक्क आहे."

"मला सूर कुठे येतो? आईनं शिकवलाच नाही. म्हणाली, हे माझ्याबरोबर मातीत जाऊ दे, तुम्ही नवीन काळातल्या बाया व्हा. तू हे कुठून शिकलीस, देव जाणे."

"टेपवरून. संग्रहात ठेवलेल्या जुन्या टेपा. आणि बेटावरच्या एका म्हाताऱ्या बाईकडून. तिनं दार लावून घेतलं, पडदे ओढले, मग म्हणून दाखवलं. कुणी ऐकेल म्हणून." शिबेल चुलीतल्या निखाऱ्यांकडे बघत होती. "आत्या, मी कधीकाळी मेलेल्या लोकांवर रडते. कुणा अनोळखी बुडालेल्या माणसावर. लोक टाळ्या वाजवतात. क्वीना संपल्यावर टाळ्या. मी वाकून नमस्कार करते. घरी जाताना दर वेळी वाटतं, मी काहीतरी चोरून आणलंय."

"चोरलं नाहीस," नेल म्हणाली. "पडलेलं उचललंस. आम्हीच टाकलं होतं."

शिबेलनं मान वर केली.

"सूर आहे माझ्याकडे. शब्द नाहीत. तू म्हणालीस तेच खरं. मी रात्ररात्र बसले, एक ओळ सुचली नाही. ज्याला पाहिलं नाही त्याला काय म्हणणार?"

बाहेर गोठ्याचं दार वाजलं. अंगणातून दोघांच्या पावलांचा आवाज येत होता, टाइगच्या आणि ऊनाच्या.

"मी सांगते," नेल अखेर म्हणाली. "तुझ्या कानात सांगते, एकेक ओळ. तू म्हण. पण आधी काही विचारू नकोस. आत्ता सांगितलं तर मी तिथे जाऊन दुसऱ्यांदा नाही सांगू शकणार."

*

कुरणातली वाट ओली होती. टाइगनं आईला दंडाला धरलं होतं. बाकीच्या तिघी मागून येत होत्या.

"बाबांनी मला शपथ घालून ठेवली होती," तो म्हणाला. "तुला दाखवायचं नाही म्हणून. ते स्वतः यायचे इथे. भरती बघायला म्हणून सांगायचे."

"ठाऊक आहे मला."

टाइग थांबला. "ठाऊक होतं?"

"अरे, भरती बघायला गेलेला कोळी घरी येऊन भरतीविषयी एक अक्षर बोलत नाही, असं कधी झालंय?" डेलिया पुढे चालू लागली. "मी कधी मागे गेले नाही. म्हटलं, त्याला रडायला ही एवढीच जागा आहे. घरात तो रडू शकत नव्हता. मी गेले असते तर तीही गेली असती."

टाइगला वाटलं, आपण इतकी वर्षं एक दार राखत बसलो होतो आणि आतलं माणूस पलीकडून तेच दार राखत होतं. पण त्याला हे बोलता आलं नाही. त्यानं आईचा दंड जरा घट्ट धरला, इतकंच.

रिंगणातले दगड गवतात बुडालेले होते. टाइगला शोधावं लागलं नाही. तो सरळ पांढऱ्या गारगोटीपाशी गेला, तिच्यावरचं गवत हातानं उपटलं आणि बाजूला झाला. हे काम बायकांचं होतं. त्यानं टोपी काढली.

डेलिया दगडासमोर उभी राहिली. बसायला ऊनानं घडी केलेलं कांबळं आणलं होतं, पण तिनं मानेनं नको म्हटलं.

नेल शिबेलच्या उजव्या खांद्याशी उभी राहिली. शिबेलनं डोळे मिटले. सभागृहात ती आधी एक लांब श्वास घ्यायची, लोक गप्प व्हायची वाट पाहायची. इथे वाट पाहण्यासारखं कुणी नव्हतं. समुद्र आपल्या कामात होता. तेवढ्यात कानापाशी आत्याचा खरखरीत आवाज आला. नेलनं तिला विचार करायला वेळच दिला नव्हता. पहिल्याच ओळीत सगळं सांगून टाकलं होतं.

शिबेलनं सूर लावला.

"माझ्या भावाच्या मुला रे, बार्टलीच्या लेका, मेगच्या नातवा."

डेलिया हलली नाही. फक्त तिचा हात बाजूला गेला आणि ऊनानं तो धरला.

पुढची ओळ कानात आली. शिबेलनं ती उचलली. जुना सूर खाली उतरत जाणारा, एकेक पायरी दगडी जिना उतरावा तसा.

"तुला पहिलं पाणी मी घातलं रे, आणि शेवटचंही मीच. तुझे केस काळे होते, मानेला चिकटलेले. तू थंड नव्हतास. घमेल्यातून काढलं तेव्हा अजून उबदार होतास."

"तुझी बोटं लांब होती रे, जाळं विणणाऱ्याची बोटं. तुझा डावा कान आईसारखा दुमडलेला होता."

डेलियानं मोकळा हात आपल्या कानाकडे नेला. तिथेच ठेवला.

नेल आता भराभर बोलत होती, मधे श्वास घेत, आणि शिबेलला समजेना की आपण गातोय की नुसतं आत्याच्या मागे धावतोय. तिचा इतक्या वर्षांचा कमावलेला आवाज चिरत होता. तिनं तो चिरू दिला.

"तू होडी हाकली नाहीस, तुला समुद्रानं नेलं नाही. तुझ्या तोंडून कुणाला कडू शब्द गेला नाही. रॉसकोरमध्ये असा दुसरा माणूस कुणी झाला नाही, ज्याच्याविषयी एवढं म्हणता येईल."

"तुझा बाप तुला खोक्यात घालायला तयार नव्हता रे. पाऊस होता. त्यानं तुला कोटाच्या आत घेतलं, छातीशी, आणि बटणं लावली. मी दारातून पाहिलं. लांबून वाटलं असतं, माणूस मांजराचं पिल्लू नेतोय थंडीतून."

टाइगनं टोपी चेहऱ्यावर धरली.

पुढची ओळ आली नाही. शिबेलनं डोळे उघडले. नेल तोंड उघडून उभी होती, पण शब्द संपले होते. आता हेल काढायची वेळ होती. तो सगळ्या बायांनी मिळून काढायचा. शिबेलनं सुरुवात केली. तिच्यामागून ऊनाचा आवाज आला, बेसूर आणि मोठा. ऊनाला कुणी हे शिकवलेलं नव्हतं. मग नेलचा आला, घशात अडकलेला. तो मोकळा झाला तेव्हा कुरणाच्या टोकाला मेंढ्यांनी माना वर केल्या.

हेल थांबला.

डेलिया नेलकडे वळली. "डोळे?" तिनं विचारलं.

"मिटलेले होते," नेल म्हणाली. "मी उघडून पाहिले नाहीत. मला माफ कर."

"नाही, वन्सं. बरं केलंत." तिनं पुढे विचारलं, "मान धरली होतीत ना?"

"धरली होती. शेवटपर्यंत धरली होती."

डेलियानं मान हलवली. तिला हवं होतं ते उत्तर ते होतं, असं तिच्या चेहऱ्यावरून वाटलं. मग ती खाली बसली. गुडघे दुखत असूनही बसली. ऊनानं घाईघाईनं कांबळं पुढे केलं, पण ती आधीच ओल्या गवतावर टेकली होती.

"मी दोन नावं काढून ठेवली होती," ती दगडाकडे बघत म्हणाली. "बार्टलीलाही सांगितली नव्हती. मुलगा झाला तर कोलमन, मुलगी झाली तर मोनिका. पुढे तुम्ही दोघं झालात, तेव्हा दोन्ही नावं कामाची होती. पण मला ती देता येईनात. दोन्हीतलं कुठलं ना कुठलं तरी वापरलेलं होतं. कुठलं, ते माहीत नव्हतं. म्हणून तू टाइग झालास आणि तू शिबेल." ती थांबली. "इतकी वर्षं ती दोन्ही नावं सांभाळली मी. चर्चमध्ये दोन्हींसाठी एकेक मेणबत्ती लावायची. त्यातली एक उगाचच लावत होते."

"उगाच नाही, आई," टाइग म्हणाला. त्याचा आवाज ओळखू येत नव्हता.

"नाही तर नाही." तिनं हात दगडावर ठेवला. तिनं क्वीना म्हटला नाही, सूर लावला नाही. घरात दुसऱ्या खोलीत असलेल्या मुलाला जेवायला बोलवावं, तितक्याच आवाजात ती म्हणाली, "कोलमन."

वारा होता. ती थोडा वेळ ऐकत राहिली.

मग तिनं शिबेलकडे पाहिलं. "क्वीना नावानं सुरू करतात ना?"

"हो."

"मग पुन्हा म्हण. पहिल्यापासून. मी बसलेय."

नेलनं कोटाची कॉलर वर केली आणि पुन्हा शिबेलच्या खांद्याशी येऊन उभी राहिली. पण या वेळी तिला कानात काही सांगावं लागलं नाही. शिबेलला शब्द पाठ झाले होते. तिनं आपल्या भावाला नावानं हाक मारली.